फोन वाचायला कोण शिकवणार?

(दृश्य : मांडवीच्या कमानी, सकाळची रहदारी. मग सेंट्रल लायब्ररीतली पुस्तकांची कपाटं.)

बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी कपाटांचे मजले एकावर एक चढवलेले आहेत आणि त्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकापर्यंत पोचावा म्हणून. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा इतका विचार या शहरात एकेकाळी झालेला आहे, हे मला मुद्दाम दाखवायचं होतं.

सयाजीराव महाराज अमेरिका पाहून आले आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात आणलं. आपला खासगी ग्रंथसंग्रह लोकांसाठी देऊन टाकला. शहरापुरतं काम झालं म्हणून ते थांबले नाहीत. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यापाड्यांत पाठवल्या जात. एका गावाचं वाचून झालं की ती पेटी परत यायची, दुसरी रवाना व्हायची. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना हेच ग्रंथालय खातं गावात जाऊन हलती चित्रं फुकट दाखवायचं. म्हणजे आज तुम्ही पाहताय तशी एखादी फिल्म दाखवून लोकांना शहाणं करणं हे शंभर वर्षांपूर्वी या संस्थानात सरकारी काम होतं.

त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं गेलं. १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं ते १९११ मध्ये, आणि ते नामंजूर झालं.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, १८७५ साली बडोद्याला दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. महाराज झाल्यावर तो मुळाक्षरांना बसला. वय उलटून गेल्यावर अक्षर शिकणं म्हणजे काय, शेजारी बसून शिकवणारं कुणी असणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुठल्या राज्यकर्त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही.

(दृश्य : दांडिया बाजार. एका जुन्या वाड्याचा चौक, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात फोन घेतलेली म्हातारी माणसं.)

मी इथे, दांडिया बाजारात राहते. रविवारी सकाळी आमच्या चौकात आजूबाजूची मंडळी फोन घेऊन येतात. मराठी घरं जास्त, पण शेजारच्या गुजराती बा येतात, त्यांच्या जाऊबाई येतात. दोन्ही भाषा चालू असतात. कुणी चहा आणतं, कुणी लीलो चिवडो.

ही शिकलेली माणसं आहेत. त्यांच्यात एक आजोबा रेल्वेच्या हिशेबखात्यात होते, एक काकू शाळेत गणित शिकवायच्या. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि फोनवरचे चार ओळींचे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. "बघ गं, हे खरं आहे का?" अक्षर त्यांना कळतं. ते लिहिणारा कोण, हे कळत नाही. कागदावर शिक्का असायचा, पोस्टमन ओळखीचा असायचा, बँकेतल्या खिडकीपलीकडचा माणूस नावानं हाक मारायचा. ते सगळं गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते या माणसांना कुणी बसून सांगितलेलं नाही.

म्हणून आम्ही लिहिणारा ओळखायला शिकतो. बँका, कंपन्या आणि सरकार यांच्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ असते आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर. २०२५ पासून तशी पद्धत आहे. जी असेल तर सरकारी, टी असेल तर व्यवहाराचा, एस असेल तर सेवेचा, पी असेल तर जाहिरात. आणि बँक, वीज किंवा गॅसच्या नावानं दहा आकडी मोबाइल नंबरावरून धमकी आली, तर तिला उत्तरच द्यायचं नाही. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. बँकेची वेबसाइट उघडायची असेल तर पत्त्याच्या शेवटी बँक डॉट इन आहे का, ते पाहायचं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना हाच पत्ता घ्यायला लावला आहे.

गणिताच्या काकूंनी एकदा विचारलं, "तो म्हणत होता, गॅसच्या सबसिडीचे पैसे यायचेत, पिन टाका. टाकू का?"

"काकू, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन फक्त द्यायला."

त्या क्षणभर थांबल्या. मग वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. आता नवीन कुणी आलं की हे वाक्य त्याच सांगतात, शाळेतल्या आवाजात.

(दृश्य : फोनचा पडदा, सेटिंग दाखवणारं सुरकुतलेलं बोट.)

दुसरा धोका फाइलचा. लग्नाची पत्रिका येते, वाहनाच्या चलानाची नोटीस येते, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि एपीके अशी तीन अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. ते फोनमध्ये शिरलं की तुमचे मेसेज, म्हणजे तुमचे ओटीपीही, दुसरीकडे जाऊ लागतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये, बाहेरून आलेली ॲप्स कुणाला बसवता येतील याची एक यादी असते. तिथे व्हॉट्सॲपची परवानगी बंद करून ठेवायची. व्हॉट्सॲपमध्येच, प्रायव्हसीत कॉल्स म्हणून भाग आहे. तिथून अनोळखी नंबरांची घंटा बंद करता येते. फोन आला होता एवढी नोंद राहते, पण तो वाजत नाही. आमच्या एका आजींना याच एका बटणानं दुपारची झोप परत मिळाली.

आणि मी सगळ्यांना हात जोडून सांगते : पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नका. दुसरं लहान खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजीदुधापुरते पैसे टाका आणि तेवढंच फोनला जोडा. चोर आला तरी त्याच्या हाताला भाजीचे पैसे लागतील, जन्माची पुंजी लागणार नाही.

(दृश्य : बंद दार. वाटी हातात घेतलेली शेजारीण.)

आमच्या भागात घडलेली गोष्ट आहे. एका आजोबांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. मुलगा कॅनडात. आजोबा सकाळपासून तसेच बसून होते, पाणीही न पिता. शेजारच्या बा वाटी परत द्यायला आल्या. आतून हालचाल ऐकू येते पण दार उघडत नाही, म्हणून त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. त्या ओरडण्यानं आजोबांचे पैसे वाचले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये अटक कशी होते ते लिहिलं आहे. अटक करणाऱ्यानं त्या माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करायचा किंवा त्याला अडवायचं असतं, तो स्वतःहून ताब्यात आला तर गोष्ट वेगळी. म्हणजे पोलीस समोर उभा असावा लागतो. फोनवरून अटक अशी गोष्ट कायद्यात नाही. हे एक वाक्य माहीत असतं तर आजोबांनी फोन ठेवून दिला असता आणि जेवायला बसले असते.

पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर. तिथे व्यवहाराचा तपशील दिला की तो लगेच बँकेकडे जातो. पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच अडवले जातात, पुढे सरकले असतील तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. सगळा खेळ वेळेचा आहे. आणि वेळ कशात जातो? लाजेत. मुलगा रागावेल, सून म्हणेल बाबांना आता काही कळत नाही, फोन काढून घेतील, म्हणून माणसं गप्प बसतात. आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांना मला कळकळीनं सांगायचंय : "कितीदा सांगितलं होतं तुम्हाला" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते तुम्ही एकदा म्हणालात की पुढच्या वेळी तुम्हाला उशिरा कळेल.

(दृश्य : बँकेबाहेर नोव्हेंबरमधली रांग, हातात पासबुकं.)

आता माझं राजकीय मत. पेन्शन, रेशनचं केवायसी, गॅस, हे सगळं फोनवर आणलं याला माझा विरोध नाही. हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, हे ज्यांच्या बोटांचे ठसे झिजून गेलेत त्यांच्यासाठी मोठं सुख आहे. पण ज्या सरकारनं लोकांचं सगळं जगणं फोनमध्ये नेलं, त्यानं म्हाताऱ्या माणसांना फोन वाचायला शिकवण्याचं खातं उघडलं नाही. फोन लावताना ऐकवलेली सूचना, भिंतीवरचं पोस्टर, रेडिओवरचं आवाहन, त्यांच्या बाबतीत बहुतेक एवढ्यावरच भागवलं. पोस्टर लावून कुणाला मुळाक्षरं येतात का? १९०६ मध्ये बडोद्यानं "मुलांनो, शिका" असे फलक लावले नाहीत. शाळा काढल्या, मास्तर नेमले, खर्च खजिन्यातून केला.

भाषेचंही तसंच. बँकेची खरी सूचना इंग्रजीत येते आणि चोर मात्र शुद्ध गुजरातीत, मराठीत, हिंदीत बोलतो. आजीला चोराचंच बोलणं समजतं. याच संस्थानानं १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश छापला : कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, बंगालीसह अनेक भाषांतले पर्याय. सरकारचं बोलणं रयतेला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी केवढी खटपट! आज बँकेला सहा ओळी गुजरातीत आणि मराठीत पाठवणं जड जाऊ नये. तोपर्यंत आम्ही स्क्रीनशॉट काढून फोनमधल्या गूगल लेन्सनं मराठी करून घेतो. ते भाषांतर ओबडधोबड असतं, पण निदान रक्कम आली की गेली, ते कळतं.

नुकसान कुणी सोसायचं, यावरही बोललं पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून नियम घालून दिला : चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी घुसखोरी केली आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच भार नाही. पण भुलून तुम्ही स्वतःचा पिन दिलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे : फसवून पैसे पाठवायला लावले तरी ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची, आणि भार पैसे पाठवणारी व पैसे घेणारी अशा दोघींनी निम्मा निम्मा उचलायचा. मला हे न्याय्य वाटतं. चोराचं खातं कुठल्यातरी बँकेनंच उघडलेलं असतं, कागद तपासून. जिनं कागद तपासले तिनं अर्धा भार उचलावा. असा नियम भारतात आला, तर चोराला खातं मिळणं अवघड होईल.

(दृश्य : चौकात टेबलावर ठेवलेला अर्ज. सह्या होतायत.)

आमच्या चौकातल्या मंडळींनी मिळून ग्रंथालय खात्याला एक अर्ज लिहिला आहे, गुजरातीत आणि मराठीत. सेंट्रल लायब्ररीत तळमजल्यावर एक टेबल द्यावं. आठवड्यातून दोन दुपारी तिथे फोन शिकवणारा माणूस बसावा, आणि तो पगारी असावा, कारण फुकट सेवा पहिल्या उत्साहानंतर टिकत नाही. शिकणाऱ्याचा फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहावा, शिकवणाऱ्यानं बोटही लावू नये. मोठ्या अक्षरांत छापलेला कागद गुजराती, मराठी आणि हिंदीत मिळावा. ज्यांना जिना चढता येत नाही, घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे त्या जुन्या पेट्यांसारखं खात्यानं जावं.

शेवटचं कलम काकूंनी घातलं. एकच गोष्ट शिकणाऱ्यानं पुन्हा पुन्हा विचारली, तरी प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगतोय तशी सांगावी. रेल्वेतले आजोबा म्हणाले, हे अर्जात बसत नाही, काढा. काकूंनी काढू दिलं नाही. अर्ज आता त्या कलमासकट जाणार आहे. गावाचं आणि ग्रंथालयाचं नाव बदलून तो ग्वाल्हेरात, इंदुरात, साताऱ्यात, कुठेही देता येईल.