पुंगळीचं तोंड

(दृश्य : फिरता डबा, जवळून. त्याचाच आवाज.)

प्लास्टिकच्या या डब्यात काडतुसांच्या चारशे रिकाम्या पुंगळ्या फिरताहेत. सोबत मक्याच्या कणसाचा बारीक भरडा. डबा दोन तास असाच घरघरत राहील. मग झाकण निघेल आणि धुरानं काळवंडलेलं पितळ बाहेर येईल ते दिवाळीआधी घासून पालथ्या घातलेल्या समयांसारखं. कोणी हेच काम पाण्यात करतं, त्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकून. तेच, आपण ढोकळ्यात घालतो ते.

(दृश्य : गॅरेजचं शटर वर जातं. गाडी बाहेर उभी.)

अमेरिकेतलं ओहायो राज्य. ईरी सरोवर इथून अर्ध्या तासावर. गाडी वर्षभर बाहेर थंडीवाऱ्यात उभी असते, कारण आतली जागा या लाकडी बाकानं घेतली आहे.

हे माझे मामा. लहानपण खडकीत गेलं, १८६९ साली उभ्या राहिलेल्या दारूगोळा कारखान्याच्या शेजारात. पुढे भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनतात तिथे, अकरा वर्षं नोकरी, नंतर इकडे. बारीक मापं घेणारं हातातलं व्हर्नियर मात्र भोसरीपासून सुटलेलं नाही. रायफल नेमबाजीची हौस इथे आल्यावर लागली. सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी नावाचं मैदान आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. दोनशे यार्डांवर उभं राहून दहा गोळ्या, तिथेच बसून जलद दहा, तीनशेवर पालथं पडून जलद दहा आणि शेवटी सहाशे यार्डांवर सावकाश वीस. एका फेरीला पन्नास. सरावाच्या वेगळ्या.

पन्नास गोळ्या झाडल्या की पन्नास पुंगळ्या उरतात. काडतुसात पुन्हा वापरता येतो तो एवढाच भाग. ती पुंगळी दुरुस्त करून पुन्हा भरायची, याला इथे रीलोडिंग म्हणतात, आणि घरोघरच्या गॅरेजमध्ये ते उघडपणे चालतं. आपल्याकडे तसं नाही. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.

(दृश्य : एकच पुंगळी, खिडकीच्या उजेडात.)

ही २२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाची पुंगळी. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. खाली बूड, मग अंग, वर उतरता खांदा, बारीक मान आणि तोंड. पाण्याच्या तांब्याच्या अवयवांची जी नावं, तीच हिचीही.

गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबानं पितळ फुगतं आणि रायफलच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतींना जाऊन चिकटतं. मग मामा पुंगळी पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालून दाबतात आणि मूळ मापात आणतात. दाबलेलं पितळ नाहीसं होत नाही, ते वाट काढतं मानेकडे. दर खेपेला पुंगळी किंचित लांब होते. २२३ ची लांबी जास्तीत जास्त १.७६० इंच चालते. कापायची ती १.७५० ला. फरक दहा थाऊंचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. झेरॉक्सचे अडीच कागद एकावर एक ठेवा, ते दहा थाऊ.

१.७६० हून लांब पुंगळी चेंबरच्या टोकाशी अडकते, तोंड गोळीला आवळून धरतं, दाब भलताच चढतो आणि रायफलीसकट माणूस धोक्यात येतो.

(दृश्य : व्हर्नियरचे जबडे पुंगळीवर मिटतात. हात स्थिर.)

नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, कोणता ट्रिमर घेऊ? ट्रिमर म्हणजे वाढलेली पुंगळी कापायचं हत्यार. मामांचं उत्तर ठरलेलं : आधी व्हर्नियर घे. मापच कळत नसेल तर यंत्रानं काय कापलं हे सांगणार कोण?

हे बोलण्याचा अधिकार त्यांनी मोजून कमावला आहे. हौसेच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी ड्रिलला जोडायचा ट्रिमर आणला. पुंगळी आत ढकलायची, दोन सेकंदांत कापून तयार. एका संध्याकाळी तीनशे पुंगळ्या झाल्या. सकाळी मोजायला बसले तर एक १.७४५, दुसरी १.७५४, तिसरी मधेच कुठेतरी. कटरला धार होती, ड्रिल ठीक होतं. त्या ट्रिमरमध्ये पुंगळी टेकते खांद्यावर, आणि आदल्या दिवशी डाय जागेवर जखडणारी लॉक रिंग सैल झाल्यामुळे प्रत्येक खांदा वेगळ्या उंचीवर बसला होता.

“अरे, यंत्र खोटं नाही बोललं,” मामा म्हणतात. “टेकायची जागा मीच हलती दिली त्याला.”

हत्यार निवडताना पाहायचं ते हेच. पुंगळी टेकते कुठे?

(दृश्य : बाकावर चार ट्रिमर ओळीनं. कॅमेरा सावकाश सरकतो.)

पहिला सगळ्यात स्वस्त. विस्कॉन्सिनमधल्या ली कंपनीचा. दिसायला कटर आणि त्याच्या पुढे लांब पिन, बस. पिन पुंगळीच्या तोंडातून शिरते, बुडातल्या ठिणगीच्या भोकातून बाहेर निघते आणि खालच्या तळाला टेकली की कटर थांबतो. पिनची लांबी ठरलेली, त्यामुळे माप हलत नाही आणि हलवताही येत नाही. एका जातीच्या काडतुसाला एक पिन. हंगामात शे-दोनशे पुंगळ्या करणाऱ्यानं याच्या पुढे पाहू नये, असं माझंही मत झालं आहे.

दुसरा छोट्या लेथसारखा. इलिनॉयमधल्या फॉर्स्टरचा. कॉलेट पुंगळीला बुडाच्या कडेशी पकडते, हँडल फिरवलं की कटर पुढे येतो. कॉलेट आणि पुंगळीच्या मानेत शिरणारा पायलट बदलले की दुसरं काडतूस. चार जातींच्या रायफली असणाऱ्याला हाच परवडतो. पण वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या मिसळल्या तर बुडाच्या कडा सारख्या नसतात, कॉलेट प्रत्येकीला थोडी वेगळी ओढते आणि मापात थाऊ-दोन थाऊंचा फरक पडतो.

तिसरा पाहा. याच्यावर कॅमेरा जास्त वेळ थांबला आहे, आणि ते मुद्दाम. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमियर गावच्या विल्सन कंपनीचा ट्रिमर. पुंगळी आधी एका पोलादी नळीत बसवायची. पुंगळीचं अंग किंचित निमुळतं असतं, नळीही तशीच, म्हणून लाकडी मुठीचा हलका ठोका दिला की ती घट्ट बसते. नळी दोन रुळांवर ठेवायची, मागचा स्क्रू बुडाला टेकवायचा आणि हँडल फिरवायचं. कॉलेट नाही, मोटर नाही. पुंगळी कटरसमोर सरळ राहते आणि माप बुडापासून येतं. “व्ही-ब्लॉकच आहे की हा,” असं मामा पहिल्यांदा पाहून म्हणाले होते. व्ही-ब्लॉक म्हणजे गोल काम सरळ धरणारा खाचेचा ठोकळा. टूलरूममध्ये हात मळलेल्या माणसाला हे हत्यार पटवून द्यावं लागत नाही. वेळ लागतो, एका पुंगळीला अर्धं मिनिट. तो लागू द्यावा.

चौथा मोटरचा, जिरॉ नावाचा. कार्बाइडची पात एकाच फिरकीत लांबी कापते आणि तोंडाच्या आतली-बाहेरची कडही मारते. हजारांनी पुंगळ्या करणाऱ्याला दुसरा इलाज नाही. पण हाही खांद्यावरच टेकतो, म्हणजे डायची रिंग आधी तपासायची, मग मोटरचं बटण. कापणं नेहमी डायमधून काढल्यावरच, आधी कधीच नाही. आधी कापलेली पुंगळी डायमध्ये पुन्हा लांब होते.

पिस्तुलाच्या ४५ एसीपीसारख्या सरळ पुंगळ्यांना यातलं बहुतेक लागत नाही. त्या फारशा लांबत नाहीत.

(दृश्य : कापलेलं तोंड, भिंगातून. कडेला पितळेची उभी बर.)

हे भिंगातून घेतलं आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतं. कटर गेला की तोंडावर बर, म्हणजे पितळेची बोचरी कड, उभी राहते, आतूनही आणि बाहेरूनही. ती ठेवून गोळी बसवली तर गोळीवरचं तांब्याचं आवरण ताशलं जातं.

हातातलं हे हत्यार बोटाएवढं. एका टोकानं आतली कड मारायची, दुसऱ्यानं बाहेरची. दोन वळसे, फार तर तीन. बाकावर पितळेच्या कुरळ्या पडतात, चकलीच्या सोऱ्याला चिकटून राहतात तशा, फक्त केसाएवढ्या बारीक. नवा माणूस इथे जोर लावतो आणि तोंडाला सुरीसारखी धार आणून ठेवतो. ती कड लवकर फाटते. मामा वळसा देतात, नख फिरवतात, आणखी अर्धा वळसा, पुन्हा नख. लांब, निमुळत्या बुडाच्या गोळ्यांसाठी त्यांच्याकडे तिरप्या कोनाचं वेगळं हत्यार आहे. सपाट बुडाच्या गोळ्यांना तेच जास्त लागतं असं मला वाटत होतं. मामा म्हणाले, दोघींनाही चालतं, हात हलका पाहिजे.

(दृश्य : पुंगळीचं बूड. ‘एलसी’ ही अक्षरं, बाजूला वर्तुळातलं अधिक चिन्ह.)

ही लष्करी पुंगळी. एलसी म्हणजे लेक सिटी, मिसुरीतला १९४१ सालचा सरकारी कारखाना. इथे प्रायमरभोवती, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडातल्या टिकलीभोवती, पितळ दाबून तो जखडलेला असतो. जुना प्रायमर काढला तरी ती दाबलेली कड राहते आणि नवा आत जात नाही. कोणी ती कापतं. मामा कापत नाहीत, पोलादी दट्ट्यानं आतून दाबून बाजूला सारतात. कापलेलं पितळ परत येत नाही, एवढंच त्यांचं कारण.

प्रायमर, पावडर, गोळी हे पुढचं काम. ते या फिल्ममध्ये नाही.

(दृश्य : लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या, तोंडं वर. संध्याकाळचा उजेड.)

पन्नास झाल्या. मामा ओळीतली कुठलीही एक उचलतात. व्हर्नियर मिटतो.

१.७५०.

ती जागेवर ठेवून ते शेजारची उचलतात.