पुस्तक बाहेरून तयार होऊन येतं तेव्हा

हे खोकं आत्ताच उघडलंय. पुस्तकं कोरी आहेत, पण पाठीवर बोधांकाची, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणाऱ्या क्रमांकाची, चिठ्ठी आहे, आत बारकोड आहे, शिक्का मारलेला आहे. संगणकातल्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, नोंदही कालच येऊन पडली. आता रॅकवर लावली की झालं. यातलं कुठलंच काम या ग्रंथालयात झालेलं नाही. ते झालं पुस्तकं पुरवणाऱ्याच्या गोदामात.

बांधणी, झाडलोट, पहारा ही कामं शैक्षणिक ग्रंथालयांनी कंत्राटावर कधीच दिली. त्यावर कुणी फारसं भांडत नाही. वाद पेटतो तो तालिकीकरणापाशी, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची नोंद आणि वर्गवारी करण्यापाशी.

तिथेही सुरुवात जुनीच. 1901 साली अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आपली छापील तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, इतर ग्रंथालयांना विकू लागली. एकाच पुस्तकाची नोंद शंभर ठिकाणी नव्याने कशाला करायची, असा साधा हिशेब. 1967 मध्ये ओहायोतल्या महाविद्यालयांनी मिळून ओसीएलसी ही सहकारी संस्था काढली आणि 1971 पासून या नोंदी संगणकावरून वाटून घेता येऊ लागल्या.

नोंद उसनी घेणं निराळं, विभागालाच टाळं लावणं निराळं. 1993 मध्ये ओहायोतल्याच राइट स्टेट विद्यापीठाने आपला तालिकीकरण विभाग बंद केला आणि काम ओसीएलसीकडे दिलं.

मग बिघडतं काय? पाण्याच्या कायद्यावरचं एखादं पुस्तक घ्या. ते कायद्यात लावायचं की पर्यावरणात? इथले विद्यार्थी ते कुठे शोधतील, हे इथल्या देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याला ठाऊक असतं. कंत्राटदार तयार नोंदीतला वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, उचलतो. तो चुकीचा नसतो, फक्त इथला नसतो. लेखकाचं नाव दोन तऱ्हांनी नोंदलं गेलं, तर त्याची निम्मी पुस्तकं शोधणाऱ्याला दिसतच नाहीत. अशा चुका पकडायला तालिकीकरण येणारं माणूस लागतं. विभाग बंद करताना पहिल्यांदा तेच जातं. माझा आक्षेप कंत्राटाला नाही, या एका गोष्टीला आहे.

पुस्तकांची निवडही बाहेर जाते. ग्रंथालय आपले विषय आणि पातळी एकदा लिहून देतं, त्यात बसणारी नवी पुस्तकं पुरवठादार न मागता पाठवतो आणि नकोत ती परत घेतो. वेळ वाचतो, नाही म्हणता येणार नाही. पण ती यादी कुणी पुन्हा उघडलीच नाही, तर बंद पडलेल्या अभ्यासक्रमाचीही पुस्तकं येत राहतात.

नियतकालिकांमध्ये तर पैसाच अडकतो. शेकडो प्रकाशकांशी वेगवेगळा व्यवहार कोण करणार? म्हणून वर्गणी एजंटकडे आगाऊ भरायची. 2003 च्या सुरुवातीला अमेरिकेतली रोकॉम ही एजंट कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्रंथालयांनी भरलेले कोट्यवधी डॉलर प्रकाशकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. पुष्कळ प्रकाशकांनी तरीही अंक पाठवले, हा त्यांचा चांगुलपणा. करारात तसं काही नव्हतं.

म्हणून कंत्राटाची मागची पानं वाचावीत. दर पुढच्या पानावर असतो, तो सगळेच वाचतात. किती चुका चालतील, नमुना तपासणी कोण करणार, चुकलेली नोंद कुणाच्या खर्चाने दुरुस्त होणार, हे मागे असतं. कंत्राट संपल्यावर नोंदी कुणाच्या आणि त्या मार्क स्वरूपात, म्हणजे कुठल्याही ग्रंथालयाच्या संगणकाला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात, परत मिळणार का, हेही तिथेच. त्याबद्दल एकही ओळ नसेल, तर सही करायच्या आधी ती लिहून घ्यावी.