वाढावा कोणाचा?

(दृश्य: छापखाना. कागद कापायचं यंत्र. पातं खाली येतं, वर जातं. कापलेल्या गठ्ठ्याची कड अगदी जवळून.)

ही कड नीट बघा. वरचे ताव स्वच्छ कापले गेलेत, पण खालच्या पाच-सहा तावांना बारीक कुसळं आली आहेत. पात्याची धार गेली आहे. यंत्रावर उभा असलेला माणूस हे पहिल्या गठ्ठ्यालाच ओळखतो. पातं उतरवून धारेला पाठवायचं, तर निम्मा दिवस यंत्र बंद. तसंच रेटायचं, तर संध्याकाळपर्यंत रद्दीचा ढीग.

हा निर्णय कोणी घ्यायचा?

एरवी उत्तर ठरलेलं असतं: वर विचारा. पण समजा, हा छापखाना इथे काम करणाऱ्या बारा जणांच्याच मालकीचा आहे. इथे पात्याचा निर्णय यंत्रावरचा माणूस घेतो. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ज्याच्या हातात काम त्यानेच करावा, असं पोटनियमात लिहिलेलं आहे. त्याच्या वरचा खर्च निवडलेल्या समितीकडे जातो. सर्वसाधारण सभेपुढे येतात फक्त मोठ्या गोष्टी: नवं यंत्र, कर्ज, जागा, नवा सभासद आणि वर्षाचा वाढावा, म्हणजे सगळा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम.

या तीन पायऱ्या पहिल्याच महिन्यात लिहून काढल्या नाहीत, तर दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर शाईच्या डब्यासाठीही बारा जणांची सभा भरते. नाही तर सभा थकते आणि जो सर्वांत उशिरापर्यंत थांबतो तोच सगळं ठरवू लागतो. दुसरी गोष्ट जास्त घातक, कारण ती कुणी ठरवून करत नाही.

(दृश्य: जुन्या दगडी इमारती, अरुंद रस्ता. मग कापडगिरणीतले माग.)

सहकारी संस्था म्हटलं की बहुतेकांना आठवते ती ग्राहकांची किंवा उत्पादकांची संस्था. तिथे माल घेणारा किंवा माल घालणारा मालक असतो. दूध घालणारा सभासद असतो, त्याच संस्थेचा टँकर चालवणारा पगारी असतो. त्यात गैर काही नाही. पण काम करणाऱ्याची मालकी हा वेगळा प्रकार आहे, आणि दोन्हींची गल्लत केली की काय होतं, हे इंग्लंडमधल्या एकाच गावात बघायला मिळतं.

रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी २८ पौंड भांडवल जमवून दुकान उघडलं. गिऱ्हाईकच सभासद होतं, आणि वाढावा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत मिळत होता. हे दुकान सहकाराचा पाया मानलं जातं. त्याच गावात, त्याच विचाराच्या लोकांनी १८५४ साली कापसाची गिरणी काढली. तिथे नफ्यातला एक वाटा भांडवलाला आणि एक वाटा गिरणीत राबणाऱ्यांना द्यायचं ठरलं. गिरणी चालली, वाढली. वाढीसाठी पैसा हवा म्हणून बाहेरचे भागधारक घेतले गेले. गिरणीत काम न करणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि १८६२ साली त्यांनी मतदान करून कामगारांचा वाटाच बंद केला.

मतदान रीतसर झालं होतं. चूक त्या दिवशी झाली नव्हती, ती आधीच होऊन गेली होती. सभासद कोण होऊ शकतो, ही ओळ सैल होती. म्हणून कामगारांच्या संस्थेच्या पोटनियमात पहिलं कलम हेच हवं: मत देणारा भाग (शेअर) फक्त इथे काम करणाऱ्याला मिळेल, माणशी एकच मिळेल, आणि काम सोडलं की तो परत करावा लागेल. बाहेरच्याचा पैसा घ्यायला हरकत नाही, तो कर्ज म्हणून किंवा मताशिवायचा भाग म्हणून घ्यावा.

(दृश्य: टेबलावर वर्षअखेरचा ताळेबंद. एक बोट आकड्यांवरून खाली सरकतं.)

आता वर्षअखेरीकडे येऊ. इथेच खरी मालकी दिसते.

आमच्या कल्पनेतल्या छापखान्याला यंदा सहा लाखांचा वाढावा झाला आहे. म्हणजे सगळ्यांची दरमहा उचल, कागद, शाई, वीज, व्याज आणि घसारा वजा जाऊन उरलेली रक्कम. उचल हा शब्द मुद्दाम वापरतोय. सभासद दरमहा घेतो तो पगार नसतो, वर्षअखेरीस निघणाऱ्या हिशेबातली ती आगाऊ रक्कम असते. वर्ष वाईट गेलं, तर उचल जास्त झाली असंही निघू शकतं.

घसाऱ्यापाशी जरा थांबायला हवं. यंत्र दहा वर्षं टिकणार असेल, तर दरवर्षी त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा खर्चात धरायचा. खिशातून पैसा जात नाही, त्यामुळे हा आकडा खोटा वाटतो, आणि वाढावा फुगवून दाखवायचा मोह होतो. घसारा न धरता वाटप केलं, तर सभासद स्वतःचं यंत्रच थोडं थोडं वाटून घेत असतात. दहाव्या वर्षी यंत्र मोडतं, तेव्हा हातात काही नसतं.

सहा लाखांचे तीन भाग करू. ४५ टक्के, म्हणजे २,७०,००० राखीव निधीत. १० टक्के, म्हणजे ६०,००० शिक्षण आणि सामाजिक कामासाठी. उरलेले २,७०,००० सभासदांचे. हे प्रमाण आमच्या मनचं नाही. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनच्या कामगार संस्थांमध्ये साधारण असंच वाटप रूढ झालं.

सभासदांचा वाटा भांडवलावर नाही, कामावर वाटायचा. बारा जणांचे वर्षाचे मिळून २१,६०० तास भरले. २,७०,००० भागिले २१,६००, म्हणजे तासाला साडेबारा. ज्याचे २,००० तास भरले त्याला २५,०००. लहान मूल घरी असल्यामुळे जिने १,२०० तासच काम केलं, तिला १५,०००. काही संस्था तासांऐवजी उचलीच्या प्रमाणात वाटतात. ते चालतं, पण मग ज्याची उचल जास्त त्याला वर्षात एकदा जास्त आणि वर्षअखेरीस पुन्हा जास्त मिळतं. बारा जणांच्या संस्थेत तासच बरे, असं आमचं मत आहे.

आणि हे २५,००० लगेच हातात येत नाहीत. समजा पाचवा हिस्सा, ५,००० रोख मिळाले. बाकी २०,००० त्या माणसाच्या वैयक्तिक भांडवल खात्यात जमा झाले.

(दृश्य: एका खात्याचं पान. पहिली नोंद: प्रवेशाची रक्कम. खाली वर्षावार जमा, व्याज, एका ओळीत लाल शाईने वजाबाकी.)

हे पान जवळून बघण्यासारखं आहे. वर प्रवेशाची रक्कम: सभासद होताना भरलेली, बहुतेकदा थोडी आधी आणि बाकीची दरमहा उचलीतून कापून. खाली दरवर्षीची जमा. तिसऱ्या वर्षी लाल ओळ आहे: त्या साली तोटा झाला, काही राखीव निधीने सोसला, उरलेला सभासदांच्या खात्यांतून त्यांच्या प्रमाणात वजा झाला. राखीव निधी मात्र कुणाच्याच पानावर नसतो. तो संस्थेचा, आज असणाऱ्यांचा आणि उद्या येणाऱ्यांचा. इटलीत तर संस्था मोडली तरी असा निधी सभासदांना वाटून घेता येत नाही, तो सहकाराच्या विकासासाठीच्या निधीकडे जातो. म्हणजे भरभराटीला आलेली संस्था विकून टाकून पैसे वाटून घ्यावेत, हा मोह मुळातच उरत नाही.

खाती वेगळी न ठेवता सगळी संपत्ती भागांमध्येच मुरवली, तर काय होतं? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९२१ साली ऑलिंपिया व्हीनिअर नावाची प्लायवूडची गिरणी कामगारांनी काढली. गिरणीला बरकत आली आणि एकेका भागाची किंमत चढत गेली. जुना सभासद निवृत्त होताना त्याचा भाग विकत घेणं नव्या कामगाराला झेपेना. मग भागधारक कमी कमी होत गेले, पगारी कामगार वाढत गेले, आणि १९५४ साली गिरणी एका मोठ्या कंपनीला विकली गेली. ती बुडाली नव्हती. भरभराटीनेच तिच्यातली मालकी संपवली.

वैयक्तिक खात्यांनी हा पेच सुटतो, पण दुसरा उभा राहतो. खात्यावर दिसणारे पैसे तिजोरीत नसतात, ते त्या कापणी यंत्रात गुंतलेले असतात. संस्था सुरू करणारे बहुतेकदा एकाच वयाचे असतात. म्हणजे निवृत्तही एकाच सुमारास होतात. चार जण दोन वर्षांत बाहेर पडले आणि प्रत्येकाच्या खात्यावर चार लाख असले, तर देणं झालं सोळा लाखांचं, आणि वर्षाचा वाढावा सहा लाख. संस्था इथे अडते, आणि तीही बाजारात काम भरपूर असताना.

उपाय तीन आहेत, आणि ते पहिल्या वर्षीच करायचे असतात. बाहेर पडणाऱ्याला रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत मिळेल, व्याजासह, असं पोटनियमात लिहायचं. खाती फुगत राहू नयेत म्हणून सर्वांत जुन्या वर्षाची जमा आळीपाळीने चालू सभासदांनाही परत करत राहायची. आणि सभासदांच्या वयाचा तक्ता ताळेबंदाशेजारी लावायचा. पुढच्या दहा वर्षांत कोण कधी निवृत्त होणार, त्याचं किती देणं. हा तक्ता करायला एक दुपार पुरते. न केल्यामुळे अडचणीत आलेल्या संस्था थोड्याथोडक्या नाहीत.

(दृश्य: कारखान्याचा मजला. दोन कामगार शेजारी शेजारी, एकाच यंत्रावर.)

या दोघांत एक सभासद आहे, एक नाही. काम सारखंच. काम वाढतं तेव्हा बाहेरून माणसं घ्यावी लागतात, ते कुणाला टाळता येत नाही. पण ‘तात्पुरता’ हा शब्द तीन-तीन वर्षं टिकला, की आत दोन जाती तयार होतात. स्पेनच्या १९९९ च्या सहकारी कायद्याने यावर सरळ मोजमाप बसवलं: सभासद नसलेल्या कामगारांचे वर्षाचे तास सभासदांच्या तासांच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे तारीख. माणूस कामाला लागला त्याच दिवशी त्याच्या कागदावर लिहायचं, की अमुक तारखेला सभासदत्वावर मतदान होईल. सहा महिने ते एक वर्ष. अर्ज त्याने करायची वाट बघायची नाही.

मोंद्रागोनची सुरुवात लहान होती. होसे मारिया अरिस्मेंदियारिएता हे धर्मगुरू १९४१ साली त्या गावी आले. १९४३ साली त्यांनी तंत्रशाळा काढली. तिथे शिकलेल्या पाच तरुणांनी १९५६ साली स्टोव्ह बनवायचा कारखाना सुरू केला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उचल यांत एकास तीन एवढंच अंतर ठेवायचं, असा त्यांचा नियम होता. पुढे हे अंतर वाढवावं लागलं, कारण अनुभवी माणसं बाहेर जास्त पैसे मिळतात म्हणून जाऊ लागली. १९७४ साली तर कामांची प्रतवारी कशी लावायची यावरून तिथे संप झाला. मालकांनीच केलेला संप. म्हणजे मत हातात आलं तरी कोणाचं काम किती मोलाचं हा वाद मिटत नाही. प्रतवारीचे निकष, कौशल्य, जोखीम, जबाबदारी, अंगमेहनत, लेखी असावेत, आणि प्रतवारी लावणाऱ्या समितीत मजल्यावरची माणसं असावीत.

त्याच कारखान्यातून वाढलेली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ साली दिवाळखोरीत गेली. घरबांधणी थंडावली, विक्री पडली, कर्ज मोठं होतं. मोंद्रागोन समूहातल्या बाकीच्या संस्थांनी आधी पैसा ओतला, मग हात आवरला. अनेक सभासदांना समूहातच दुसरीकडे काम मिळालं. फागोरमध्ये गुंतवलेले पैसे मात्र बुडाले. मालकीत तोटाही येतो, हे नव्या सभासदाला प्रवेशाची रक्कम भरण्याआधी सांगायला हवं, नंतर नाही.

आणखी एक कागद. कर्ज देताना बँका वैयक्तिक हमी मागतात. घाईत असताना घर नावावर असलेले दोघे सह्या करून टाकतात. त्या दिवसापासून जोखीम दोघांची आणि मतं बारा, असा तिढा पडतो. पुढच्या प्रत्येक वादात ती सही न बोलता मध्ये येते. शक्य असेल तर हमी सगळ्यांनी मिळून ठरावीक मर्यादेपर्यंत द्यावी. नसेल, तर सही करणाऱ्यांना हमीचा मोबदला ठरवून द्यावा आणि त्याची नोंद इतिवृत्तात करावी.

(दृश्य: महिनाअखेर. कामाच्या वेळेतच भरलेली सभा. प्रत्येकाच्या हातात एकच कागद.)

सभा कामाच्या वेळेत घेतली आहे. संध्याकाळी घेतली, तर ज्यांना घरी जायचंच असतं त्यांचं मत कायमचं कमी पडतं. कागदावर चार आकडे आहेत: बँकेतली शिल्लक, येणं, देणं, आणि हातात किती दिवसांचं काम आहे. तीन दिवस आधी वाटलेला. नव्या सभासदांना हा कागद वाचायला शिकवण्यात तीन बैठका जातात, आणि वाढाव्यातला शिक्षणाचा तो १० टक्के हिस्सा आधी इथे खर्च व्हावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

कागद कापणाऱ्या यंत्रावरची ती, चार महिन्यांपूर्वी सभासद झालेली, बोट दुसऱ्या आकड्यावर ठेवते.

“येणं मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय. हे कोणत्या गिऱ्हाईकाकडे अडकलंय, आणि किती दिवसांचं आहे?”

हिशेब बघणारा पान उलटतो. एकच गिऱ्हाईक, ९० दिवस. त्याचंच पुढचं काम उद्या यंत्रावर चढणार होतं.