टोपणं कुठं जातात?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'स्टोरेजमधला निकामी एसएफपी सुरक्षितपणे बदलणे'. एसएफपी म्हणजे पोर्टमध्ये बसणारा, विजेच्या सिग्नलचा प्रकाश करून फायबर केबलमध्ये सोडणारा छोटा पार्ट. त्यावर येतोच. पण दादरला एवढी इन्फ्रावाली मंडळी फुकटात सापडलीत, तर आधी टोपणांबद्दल बोलून घेतो.

एसएफपीच्या तोंडावर आणि फायबरच्या टोकाला एवढीशी टोपणं येतात. रॅक उभा राहिला की त्याच संध्याकाळी ती कचऱ्यात. का, कुणी सांगेल? ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये (नाव घेत नाही, तुमच्यातले निम्मे तिथलेच असाल) स्टोरेजची एक लिंक सारखी पडत होती. सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, वाढताहेत. पोरानं एसएफपी बदलला. दोन दिवस ठीक, पुन्हा तेच. दुसरा घातला. मग पोर्टवर संशय, मग थेट कंट्रोलर मागवायची भाषा. मी म्हटलं, अरे, केबलचं टोक जरा स्कोपखाली, म्हणजे फायबरच्या सूक्ष्मदर्शकाखाली, धर. धरलं, तर बरोब्बर मधोमध तेलकट चट्टा. कशानं पुसलंस? पोरगा स्वतःच्या शर्टाकडे बघायला लागला. (हशा)

हसताय, पण तुमचे शर्ट दिसतायत मला इथून. मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, सिंगलमोड फायबरचा जेमतेम ९. तिथं एक कण बसला की प्रकाश अडलाच. काढ-घाल करताना घाण थोडी सरकते, म्हणून लिंक दोन दिवस उठते आणि सगळे 'पार्टच खराब होता' म्हणून टिकट बंद करतात. वर त्याच घाणेरड्या टोकानं नवा एसएफपीही माखतो. आणि पार्सल लोडिंग डॉकवर फोडायची हौस कुणाची? बाहेर रस्ता खणलेला, आत...

चिठ्ठी आली. चार मिनिटं. बरं, मूळ विषय.

हात लावण्याआधी होस्टवर, म्हणजे स्टोरेज वापरणाऱ्या सर्व्हरवर, मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे एकाहून जास्त रस्ते) बघा, दुसरा पाथ जिवंत आहे ना? तो आधीच पडलेला असेल, तर तुम्ही डेटाबेसच झोपवाल. हॉट-स्वॅप याचा अर्थ वीज बंद करावी लागत नाही, इतकाच. मग पॉवरचे आकडे वाचा. आपला टीएक्स (जाणारा प्रकाश) ठीक आणि आरएक्स (येणारा प्रकाश) पडलेला असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा पलीकडच्या टोकाचा. पोर्टचा लोकेट दिवा लावा, नंबर दोघांनी मोठ्यानं वाचा. नवा पार्ट त्याच वेव्हलेंग्थचा, व्हेंडरच्या यादीतला. फायबर चॅनलच्या ३२जी वेगाचा पार्ट १६जी आणि ८जी वर उतरतो, ४जी वर नाही. मनगटाला स्थिर वीज उतरवणारा पट्टा. केबल वायरला धरून ओढू नका, कनेक्टरची खिटी दाबून काढा, लगेच टोपण. आत डोकावू नका. ८५० नॅनोमीटर आहे, लाल काही दिसलं नाही म्हणजे लेझर बंद असं नव्हे. कडी पाडून एसएफपी सरळ बाहेर, नवा 'टक' वाजेपर्यंत आत. टोक क्लीनरनं पुसून, स्कोपखाली बघून मगच केबल. दिवा लागला म्हणून घरी पळू नका. पाथ परत आला का बघा, एरर काउंटर शून्यावर आणून थोडा वेळ थांबा.

हो, आणि जुन्यावर मार्करनं 'खराब' लिहा, तारीख टाका. नाहीतर रात्रपाळीत कुणीतरी तो स्पेअरच्या खणात ठेवतो. प्रश्न? मागे, निळा शर्ट, तुम्ही.