नवं काडतूस टिकतं कधी, विरतं कधी?

(दृश्य: टेबलावर ओळीनं उभी केलेली पितळी काडतुसं.)

समोर दिसताहेत ती सगळी काडतुसं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेच्या बाजारात आली. प्रत्येकाच्या जाहिरातीतले शब्द साधारण तेच होते: जास्त वेग, जास्त अचूकता, कमी धक्का. यांतली काही आज तिथल्या जवळपास कुठल्याही दुकानाच्या फळीवर सापडतात. काहींच्या रायफली मात्र लोकांच्या कपाटात नुसत्या पडून आहेत, कारण त्यांत भरायला काडतुसंच मिळेनाशी झालीत.

विरून गेलेली काडतुसं वाईट होती का? बहुतेक नव्हती. पण काडतूस एकटं कधीच विकलं जात नाही. त्याला जुळणारी नळी लागते, त्या नळीला योग्य पीळ लागतो, लांबीला पुरेल असं मॅगझिन लागतं, आणि दहा-पंधरा वर्षांनीही पुंगळ्या, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी काडतुसाची कवचं, बनवत राहील असा कारखाना लागतो. यातलं एक जरी चुकलं, तरी चांगल्या काडतुसाचा बळी जातो.

सर्वांत बोलकं उदाहरण जुनं आहे. १९५५ साल. विंचेस्टर कंपनीनं .२४३ आणलं, रेमिंग्टन कंपनीनं .२४४ (अशा नावातला आकडा म्हणजे साधारण गोळीचा व्यास, इंचांत). दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. दारूची जागा .२४४ मध्ये थोडी जास्तच, म्हणजे कागदावर तेच सरस. फरक होता नळीत.

(दृश्य: नळीच्या तोंडातून आत; खाचांचा पीळ हळूहळू फिरताना.)

नळीच्या आत या खाचा दिसतात, त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि हवेत सरळ राहते. विंचेस्टरच्या नळीत गोळी १० इंचांत एक फेरा घ्यायची, रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांत. जितकी गोळी लांब, तितका घट्ट पीळ हवा. रेमिंग्टनच्या लोकांना वाटलं, हे काडतूस शेतात बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी आहे, तेव्हा हलकी, आखूड गोळी पुरे. विंचेस्टरनं १०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी दिली. ती हरणालाही चालायची. गिऱ्हाइकाला एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती. रेमिंग्टननं पुढे पीळ घट्ट केला, १९६३ मध्ये काडतुसाचं नावही बदलून ६ एमएम रेमिंग्टन ठेवलं. पण तोवर उशीर झाला होता. .२४३ आजही मजेत आहे.

चाळीस वर्षांनी त्याच रेमिंग्टननं जवळपास तोच प्रकार पुन्हा केला, हे पाहून खरंच वाईट वाटतं. १९९७ मध्ये त्यांनी .२६० रेमिंग्टन आणलं. आधीपासून प्रचलित असलेल्या .३०८ काडतुसाची पुंगळी घेऊन तिची मान साडेसहा मिलिमीटरपर्यंत बारीक केलेली. कल्पना उत्तम. पण पुंगळी लांब राहिली, आणि त्या काळच्या बऱ्याच रायफलींचा पीळ लांबलचक गोळ्यांना पुरेसा घट्ट नव्हता.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हॉर्नडी या काडतूस कंपनीनं ६.५ क्रीडमूर आणलं. गोळीचा व्यास तोच, वेगही जवळपास तोच. मग जादू कुठे आहे? जवळून बघू.

(दृश्य: दोन काडतुसं शेजारी शेजारी, बाजूला मोजपट्टी.)

.२६० ची पुंगळी सुमारे ५१.७ मिलिमीटर, क्रीडमूरची ४८.८. तीन मिलिमीटरही फरक नाही. पण मॅगझिनची आतली जागा ठरलेली असते, साधारण ७१ मिलिमीटर. पुंगळी आखूड झाली की गोळीला पुढे जास्त जागा मिळते. लांब, सडपातळ, हवा सहज कापणारी गोळी दारूच्या जागेत घुसवावी न लागता त्याच मॅगझिनमध्ये बसते. शिवाय पहिल्या दिवसापासून नळीचा पीळ ८ इंचांचा ठरवून दिला. कारखान्यातून निघालेलं काडतूसच स्पर्धेत वापरता येईल इतकं अचूक, आणि सुरुवातीच्या डब्यांवर तर दारू किती नि कोणती याचा तपशीलही छापलेला, म्हणजे घरी पुंगळ्या भरणाऱ्यांना शोधाशोध नको. हॉर्नडीचे डेव्ह एमरी आणि नामांकित नेमबाज डेनिस डिमिल यांनी नेमबाजाला काय हवं याची आधी यादी केली आणि मग काडतूस आखलं. २०१७-१८ च्या सुमारास अमेरिकेच्या विशेष दलांनीही ते उचललं, आणि मग प्रश्नच मिटला.

ज्या .३० टीसीच्या पुंगळीपासून क्रीडमूर घडलं, ते मूळ काडतूस मात्र जवळपास कुणाला आठवत नाही. .३०८ असताना त्याची गरज कुणाला होती?

आता २००० नंतरची आखूड, जाडजूड काडतुसं घ्या. विंचेस्टरनं २००१ मध्ये .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम; मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस) आणलं आणि मागोमाग अख्खं कुटुंब उभं केलं. रेमिंग्टननंही आपली आखूड मॅग्नम आणली. .३०० डब्ल्यूएसएम टिकलं, .२७० डब्ल्यूएसएम कसंबसं तग धरून आहे, बाकीची ओसरली. त्याहून आखूड डब्ल्यूएसएसएम घराण्याची गत आणखी वाईट झाली. त्यांच्यासाठी रायफलीची वेगळी, जास्तच आखूड यंत्रणा बनवावी लागली, आणि ठेंगणी पुंगळी मॅगझिनमधून नळीत नीट सरकेना. एका काडतुसासाठी अख्खी रायफल नव्यानं आखायची, तर त्या काडतुसाला आपलं पोट स्वतः भरावं लागतं. यांना ते जमलं नाही.

याच्या अगदी उलट .३०० ब्लॅकआउट. २०११ मध्ये ते प्रमाणित झालं. एआर-१५ या अमेरिकेत लोकप्रिय अर्धस्वयंचलित रायफलीच्या घराण्यात फक्त नळी बदलायची. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) तोच, मॅगझिन तेच, गोळ्याही तितक्याच मावतात. आखूड नळीत दारू नीट जळते, आणि २०० ग्रेनच्या आसपासची जड गोळी आवाजाच्या वेगाखाली सोडली की सायलेन्सरबरोबर ती फार कमी आवाज करते. हे काम आधीचं कुठलंही सर्रास मिळणारं काडतूस इतक्या सहज करत नव्हतं. हे काडतूस जाणार नाही. एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या, म्हणजे एआर-१५ च्या नेहमीच्या काडतुसाच्या, रायफलीत गेलं, तर ते आत बसूही शकतं, आणि चाप ओढला की रायफल फुटते. दोन्ही रायफली बाळगणाऱ्यानं मॅगझिनवर ठळक खुणा केल्याच पाहिजेत.

एआर-१५ साठीच आलेलं .२२४ व्हॅल्कीरी १,३०० यार्डांपर्यंत आवाजापेक्षा वेगात राहण्याचा दावा घेऊन आलं होतं. ९० ग्रेनच्या गोळ्यांबद्दल सुरुवातीलाच अचूकतेच्या तक्रारी झाल्या, आणि पहिल्या वर्षात बिघडलेलं नाव पुन्हा सुधारत नाही. २०२० मध्ये त्याच रायफलीसाठी ६ एमएम एआरसी हे काडतूस आल्यावर व्हॅल्कीरीचं उरलंसुरलं कारणही संपलं.

कधी कधी काडतुसाला कायदा जन्म देतो. अमेरिकेतली ओहायो, इंडियाना, आयोवा ही राज्यं, मिशिगनचा दक्षिण भाग. सपाट मुलूख, दाट वस्ती. तिथे हरणाच्या शिकारीला पूर्वी शॉटगनच लागायची, कारण रायफलीची गोळी फार लांब जाते. पुढे नियम सैल झाले आणि मान नसलेली, सरळ नळकांडीसारखी पुंगळी चालू लागली. २०१९ मध्ये विंचेस्टरनं .३५० लीजंड नेमकं त्या नियमात बसेल असं आणलं. धक्का इतका कमी, की पहिल्यांदा शिकारीला जाणारी पोरंही घाबरत नाहीत. त्याचा जम बसलाय. लिव्हर-अॅक्शन (चापाजवळची कडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलींसाठी २०२३ मध्ये आलेलं .३६० बकहॅमर मला भावतं, पण त्याचं अंगण छोटं आहे. आणि नियम आणखी सैल झाले, तर या साऱ्या घराण्याची कसोटी लागेल.

पिस्तुलाच्या काडतुसांत जागा फारच कमी. १९०२ चं ९ एमएम तिथे मध्यभागी ठाण मांडून बसलंय. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन जण मारले गेले, त्यानंतर मोठ्या काडतुसांची लाट आली. आधी १० एमएम, मग १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू. पंचवीस वर्षं पोलिसांच्या कमरेला .४० होतं. मग ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या, एफबीआय परत तिकडेच वळली आणि मागोमाग पोलीसही. .४० चा ओघ आटतोय, पण इतकी पिस्तुलं लोकांकडे आहेत की ते लगेच नाहीसं होणार नाही. २००३ चं .४५ जीएपी मात्र गेलंच. न्यू यॉर्क आणि जॉर्जियाच्या राज्य पोलिसांनी ते घेतलं होतं, त्यांनीही सोडून दिलं.

२०२२ मध्ये फेडरल या काडतूस कंपनीनं .३० सुपर कॅरी आणलं. विचार चांगला होता: गोळी बारीक, त्यामुळे तेवढ्याच पिस्तुलात एक-दोन काडतुसं जास्त. ताकद ९ एमएमच्या जवळ ठेवण्यासाठी आतला दाब ३५,००० वरून ४५,००० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) नेला. पण त्या सुमारास दुकानांत साधं ९ एमएमही धड मिळत नव्हतं. टंचाई आली की कारखाने आपली यंत्रं जास्त खपाच्या काडतुसांवर लावतात आणि नवख्यांना कुणी विचारत नाही. दोन जादा काडतुसांसाठी माणूस महाग आणि दुर्मिळ दारूगोळ्याच्या मागे लागेल, असं मला वाटत नाही. हे ओसरणार.

५.७ मिलिमीटरच्या काडतुसाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फार आवडते. बेल्जियमच्या एफएन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीनं १९९० च्या सुमारास ते आणलं, आणि कितीतरी वर्षं ते मुख्यतः त्यांच्याच शस्त्रांपुरतं राहिलं. २०१९ च्या अखेरीस रुगरनं त्यासाठी पिस्तूल काढलं, २०२१ मध्ये नाटोनं त्याला प्रमाणित केलं, मग स्मिथ अँड वेसनही उतरली. तीस वर्षांनी काडतुसाला तारुण्य आलं. १० एमएमही असंच परतलं, अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्यांच्या जोरावर.

उरली अगदी नवी पिढी. लांब पल्ल्याच्या शिकारीत २०२२ चं ७ एमएम पीआरसी राहणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९६२ च्या ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचं काम ते घट्ट पीळ आणि लांब गोळ्या घेऊन करतं, आणि रायफल बनवणाऱ्याला बोल्टचं तोंडही बदलावं लागत नाही. ६.८ वेस्टर्न त्याच्याइतकंच गुणी आहे, पण त्याच्या रायफली मोजक्याच कंपन्या बनवतात. मला त्याची काळजी वाटते.

सैन्याचं काडतूस सहसा मरत नाही. १८७३ चं .४५-७०, १९०६ चं .३०-०६, दोन्ही आजही विकली जातात. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यानं सिग कंपनीची ६.८ मिलिमीटरची शस्त्रं निवडली. त्यांच्या काडतुसाचा नागरी अवतार म्हणजे .२७७ फ्युरी. खाली पोलाद, वर पितळ अशी जोडपुंगळी, आणि ८०,००० पीएसआयचा दाब. हा दाब पेलणाऱ्या रायफली थोड्या आहेत, त्यामुळे सैन्यानं हात काढला तर नागरी बाजार त्याला सांभाळेल असं दिसत नाही.

२०२५ मध्ये फेडरलनं तसाच दाब पोलादी पुंगळीत आणला: ७ एमएम बॅककंट्री. आखूड नळीतूनही मोठा वेग, आणि डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याला तेच हवं असतं. पण पोलादी पुंगळी घरी पुन्हा भरणं पितळेइतकं सोपं नाही, म्हणजे कारखान्यावरच अवलंबून राहणं आलं. मी बघणार ते एवढंच: दुसरी मोठी कंपनी हे काडतूस बनवायला घेते का, आणि कधी. तोवर ज्याला ही रायफल घ्यायचीच आहे, त्यानं रायफलीबरोबरच चार-पाच हंगाम पुरतील एवढी काडतुसं उचलून ठेवावीत.