पीठ परक्या देशाचे, पाक मात्र घरचा

मैदा, दूध, अंडी आणि चिमूटभर मीठ एवढ्या सामग्रीत होणारा डच पॅनकेक जगाच्या पाठीवर कुठेही करता येतो. नेदरलँड्समध्ये त्याला ‘पानेकूक’ म्हणतात. 250 ग्रॅम मैद्याला अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी हे तिथले घरोघरचे प्रमाण आहे. फ्रेंच क्रेपपेक्षा जाड आणि अमेरिकी पॅनकेकपेक्षा पुष्कळ पातळ असा हा पानेकूक ताट भरून उरतो, आणि तो न्याहारीला नव्हे, तर बहुधा संध्याकाळच्या जेवणाला खाल्ला जातो. तव्यावर आधी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे काप किंवा सफरचंदाच्या चकत्या परतायच्या आणि त्यांच्यावरच सरबरीत पीठ ओतायचे, म्हणजे भाजताना दोन्ही एकजीव होतात.

परदेशी स्थायिक झालेल्या डच कुटुंबाची अडचण तव्यावर नसते, ती ताटात येते. पानेकूकवर जो ‘स्ट्रोप’ ओततात, तो साखरबीटपासून केलेला काळपट, दाट पाक असून त्याच्या गोडीला किंचित कडवट अशी कड असते. कॅनडात त्याच्या जागी मेपलचा पाक मिळतो. तो चविष्ट असला तरी पातळ असतो आणि त्याला झाडाचा वास असतो. ऑस्ट्रेलियात उसाचा सोनेरी पाक मिळतो, पण त्यात ती कड नसते. उसाची काळी मळी वापरावी, तर कडवटपणा वाजवीपेक्षा जास्त होतो. दोन पाक मिसळून मधली चव साधण्याचा प्रयत्न अनेक घरांत होतो, आणि तो बऱ्यापैकी जमतोही. तरीही मायदेशाहून येणाऱ्या पाहुण्याला पहिली मागणी जाते ती स्ट्रोपच्या बाटलीचीच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील उपाहारगृहांत ‘डच बेबी’ या नावाने जो पॅनकेक मिळतो, तो लोखंडी तव्यात घालून भट्टीत फुगवलेला असतो. त्याचे मूळ जर्मन पद्धतीत आहे आणि त्याचे नाव सिअॅटल शहराशी जोडले जाते. तो खाण्यास उत्तम आहे, परंतु नेदरलँड्समधील घरात तो परंपरेने केला जात नाही.

पानेकूकचे धाकटे भावंड म्हणजे ‘पॉफर्चेस’. गव्हाच्या आणि कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठात यीस्ट आणि कोमट दूध घालून तासभर फुगवलेले पीठ लहान लहान खळग्यांच्या बिडाच्या तव्यात सोडतात, काट्याने झटकन उलटतात, आणि वर लोण्याचा गोळा व पिठीसाखर घालून ते गरमागरम वाढतात. जत्रेतील दुकानांत याच तव्यांवर एकावेळी डझनावारी पॉफर्चेस उलटणारे हात पाहणे हा त्या देशातील मुलांचा मोठा आनंद असतो. मराठी वाचकांना हा तवा पाहताच आपले आप्पेपात्र आठवेल, आणि ते साम्य खोटे नाही. मात्र डच तव्याचे खळगे अधिक उथळ असतात, म्हणून आप्पेपात्रात पॉफर्चेस करायचे असल्यास खळगे अर्ध्यापेक्षाही कमी भरावे लागतात, नाहीतर ते बाहेरून करपतात आणि आतून ओले राहतात. कुट्टूचे पीठ नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये सापडले नाही, तर भारतीय किंवा रशियन किराणा दुकानात हमखास सापडते. नेदरलँड्सच्या वालुकामय, नापीक जमिनींवर एके काळी कुट्टू मुबलक पिकत असे. रासायनिक खते आल्यावर त्या जमिनींवर इतर पिके घेता येऊ लागली आणि कुट्टू मागे पडला. पॉफर्चेसमध्ये तो गरिबांचा काळ अजून टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरांची टंचाई होती, भविष्याची शाश्वती नव्हती, आणि सरकार स्वतःच देशांतराला उत्तेजन देत होते. लाखो डच माणसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड या देशांकडे निघाली. न्यूझीलंडशी 1950 साली करार झाला आणि 1951 ते 1968 या काळात सुमारे 28,000 डच लोक तिथे उतरले. त्यांनी स्थानिक समाजात लवकरात लवकर मिसळून जावे, अशी तिथल्या शासनाची अपेक्षा होती, आणि ते मिसळलेही, इतके की रस्त्यावर त्यांना वेगळे ओळखणे अवघड झाले. घराच्या दाराआड मात्र न्याहारीच्या पावावर लोणी आणि त्यावर चॉकलेटचे कण, म्हणजे ‘हागलस्लाख’, पसरण्याची सवय बहुतेकांनी सोडली नाही.

वेलिंग्टनच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर फॉक्सटन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे 2003 पासून ‘दे मोलन’ ही सतराव्या शतकातील डच पवनचक्कीची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. ती शोभेची नाही. तिच्या जात्यांवर खरोखर गहू दळला जातो. चक्कीच्या तळमजल्यावरील दुकानात डच किराणा माल विकला जातो. मला या दुकानाचे महत्त्व शेजारच्या संग्रहालयापेक्षा कमी वाटत नाही. संग्रहालयात स्थलांतरितांच्या वस्तू जपलेल्या आहेत. दुकानात त्यांच्या सवयी जपलेल्या आहेत, आणि सवयीला दर महिन्याला नवा माल लागतो.

घरी मिठाई करणाऱ्यांपुढील सर्वांत चिवट प्रश्न साखरेचा आहे. डच बेकरीत एक मऊ, ओलसर साखर वापरली जाते. पांढरी, फिकट तपकिरी आणि गडद तपकिरी अशा तिच्या तीन जाती असतात. तिच्यातील ओलाव्यामुळे केक आणि बिस्किटे लवकर कोरडी पडत नाहीत. परदेशात तिच्याऐवजी तपकिरी साखर घेतात, तेव्हा चव जवळपास येते, पोत येतोच असे नाही. मसाल्याचे तसे नाही. सिंटरक्लासच्या सणाला, म्हणजे 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, लागणाऱ्या ‘स्पेक्युलास’ बिस्किटांत दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलदोडा आणि पांढरी मिरी असते. वेंगुर्ल्यातही जिची वखार होती, त्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी हे पदार्थ सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला ओतले. आज टोरांटोतील किंवा मेलबर्नमधील डच गृहिणी हाच मसाला भारतीय दुकानातून आणून घरी कुटू शकते.

काही मिठायांनी परदेशात स्वतःचा वेगळा संसार थाटला. अमेरिकेतील आयोवा राज्यात पेला हे गाव 1847 मध्ये हेंड्रिक स्कोल्टे या धर्मोपदेशकाबरोबर आलेल्या डच लोकांनी वसवले. तिथल्या यार्स्मा बेकरीत, जी 1898 पासून चालू आहे, बदामाचे सारण भरलेली, इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराची खुसखुशीत पेस्ट्री वर्षभर मिळते. मूळ देशात अशी अक्षरे मुख्यतः सिंटरक्लासच्या दिवसांत खातात. ‘स्पेककूक’ हा केक तर जन्मलाच परदेशात. डच वसाहतकाळातील इंडोनेशियात, युरोपीय लोणी-अंड्यांत तिथले मसाले मिसळून, एकेक पातळ थर वरच्या आचेवर स्वतंत्रपणे भाजत तो रचला जाऊ लागला, आणि पुढे वसाहतीतून परतलेल्या कुटुंबांबरोबर नेदरलँड्समध्ये पोहोचला.

‘स्ट्रोपवाफल’ मूळचे गौडा शहरातले. यीस्ट घातलेल्या कणकेचा गोळा नक्षीदार लोखंडी साच्यात दाबून भाजतात, आणि ती चकती गरम असतानाच आडवी चिरून तिची दोन पाने करतात. त्यांच्यात लोणी, तपकिरी साखर, दालचिनी आणि स्ट्रोप एकत्र आटवलेला पाक पसरून पाने पुन्हा मिटतात. चिरण्याला क्षणभर उशीर झाला तरी चकती कडक होऊन तुटते, म्हणून घरी करणाऱ्याच्या बोटांना चटके चुकत नाहीत. आता पुडीबंद स्ट्रोपवाफल जगभरच्या दुकानांत मिळते. ते गरम कॉफीच्या पेल्यावर झाकणासारखे ठेवले की आतला पाक सैल होतो. तरी साच्यावरून उतरलेल्या ताज्या स्ट्रोपवाफलची सर त्याला येत नाही.

वर्षअखेरीस, 31 डिसेंबरला, बेदाणे आणि सफरचंद घातलेले ‘ओलीबोलन’ तळण्याची प्रथा आहे. थंडीत कुडकुडत खाण्याचा हा पदार्थ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऐन उन्हाळ्यात येतो. म्हणून तिथली अनेक कुटुंबे तळण्याचे भांडे अंगणात मांडतात, 180 अंशांच्या तेलात दोन चमच्यांनी पिठाचे गोळे सोडतात, आणि शेजाऱ्यांनाही बोलावतात.

शेजाऱ्यांना ओलीबोलन आवडतात, पॉफर्चेस आवडतात, स्ट्रोपवाफल तर मागून नेतात. ‘ड्रॉप’च्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. ज्येष्ठमधाच्या अर्कापासून केलेल्या या काळ्या गोळ्यांच्या खारट प्रकारात नवसागर असतो, तोच नवसागर जो आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकत असे. लहानपणापासून सवय नसलेला माणूस ती गोळी तोंडात फार वेळ ठेवू शकत नाही. घरी ती सहसा कोणी करत नाही आणि साध्या दुकानात ती मिळत नाही, त्यामुळे डच मालाच्या दुकानांत तिच्या बरण्यांची रांगच्या रांग असते, आणि त्या बरण्यांपुढे थांबणारे गिऱ्हाईक बहुधा डचच असते.