मधोमध एक शिवण

तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन तेल लावणाऱ्या बाईच्या नजरेला ही रेघ रोज पडते. गुदद्वारापाशी निघते, अंडकोशाच्या मधोमध जाते आणि शिश्नाच्या खालच्या अंगाने वर चढते. त्वचेहून जरा गडद. ती कसली, असं सहसा कुणी विचारत नाही. ती शिवण आहे. तिथे कधीकाळी दोन सुट्या कडा होत्या.

आता एक गर्भ डोळ्यांसमोर आणा, बीज फळल्यापासून ७ आठवड्यांचा, जेमतेम २ सेंटिमीटरचा. (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशेबाने ९ आठवडे.) पायांच्या मध्ये नीट पाहा. एक बारीकसा उंचवटा. त्याच्याखाली चिरेच्या दोन्ही बाजूंना घड्या. घड्यांच्या बाहेर दोन फुगवटे. बस, सगळं सामान एवढंच. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही हेच मिळतं आणि इथे नुसतं बघून कोणता कोण, हे मुरलेल्या भ्रूणतज्ज्ञालाही सांगता येत नाही.

गुणसूत्रांत मात्र फरक पहिल्या दिवसापासून असतो. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक लंडनच्या संशोधकांनी १९९० मध्ये ओळखलं. ते पोटातल्या ग्रंथीला वृषण व्हायला लावतं आणि ८व्या आठवड्याच्या सुमारास वृषणातून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) पाझरू लागतं. बाहेरच्या अवयवांच्या पेशी त्याचं आणखी जोरकस रूप बनवतात, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. नाव लांबलचक आहे, आपण डीएचटी म्हणू. त्याच्या प्रभावाने उंचवटा लांबत जाऊन शिश्न होतं. घड्या मागून पुढे, बॅगेची चेन लावावी तशा मिटतात आणि आत मूत्रनलिका तयार होते. फुगवटे एकमेकांना चिकटून अंडकोश होतो.

डीएचटी नसेल तर कडा सुट्याच राहतात. त्याच उंचवट्याची शिश्निका होते, घड्यांचे आतले भगोष्ठ, फुगवट्यांचे बाहेरचे.

हे कळलं सशांमुळे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड झोस्त यांनी सशिणीच्या गर्भाशयातल्या इवल्याशा पिल्लांवर शस्त्रक्रिया केली, त्यांच्या जननग्रंथी काढल्या आणि गर्भ पुन्हा वाढू दिला. १९४७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : गुणसूत्रं नराची असोत वा मादीची, पिल्लांची बाह्य जननेंद्रियं मादीसारखीच झाली. यावरून मादी म्हणजे 'काहीच न घडणं' असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. ते अर्धवट आहे. बीजांडकोश घडायलाही स्वतःची जनुकं कामाला लागतात.

माणसांतला पुरावा मिळाला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत आणि वयात येताना त्यांचं शिश्न वाढे, वृषण खाली उतरत. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी कारण प्रसिद्ध केलं : टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकरच (एन्झाइम) या मुलांत कमी होतं. गर्भात निरोप पोचला नव्हता. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचा लोंढा आला आणि त्याने बरंच काम उशिरा का होईना उरकलं. गावाने तर या मुलांसाठी वेगळा शब्दच रूढ केला होता, बाराव्या वर्षाशी जोडलेला. पुढे तेच विकर अडवणारं फिनास्टेराइड हे औषध निघालं. आज ते प्रोस्टेटच्या वाढीवर आणि टक्कलावर देतात.

कधी चेन शेवटपर्यंत लागत नाही. मग लघवीचं छिद्र टोकाला न येता शिश्नाच्या खालच्या बाजूला उघडं राहतं. दर काहीशे मुलांत एकाला असं होतं. अशा बाळाची सुंता मात्र घाईने करू नये. राहिलेला टाका घालताना सर्जनला तीच कातडी लागू शकते.